स्वर, वर्ण आणि भाव : एका कोष्टकाची चिकित्सा

१

संगीतशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत स्वर आणि रस यांच्या संबंधाचे एक कोष्टक बहुधा दिलेले असते. षड्ज व ऋषभ हे वीर, रौद्र आणि अद्भुत या रसांना पोषक. गांधार व निषाद करुणाला. मध्यम व पंचम हास्य-शृंगारांना. आणि धैवत बीभत्स-भयानकांना, अशी ती वाटणी आहे. तिचे मूळ भरताच्या नाट्यशास्त्रात असून, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकरात तीच नोंदविली आहे. काव्यशास्त्राच्या पुस्तकांतही याच जातीचे दुसरे कोष्टक असते. त्यात ट, ठ, ड, ढ हे वर्ण ओजाकडे आणि अनुनासिकयुक्त मृदू वर्ण माधुर्याकडे वाटून दिलेले असतात. विद्यार्थी ही दोन्ही कोष्टके पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे लिहू लागला म्हणजे त्यांचाच आधार घेतो. एखाद्या गायनाच्या रसग्रहणात ‘कोमल गांधारामुळे करुण रस निर्माण झाला’ असे वाक्य येते. एखाद्या कवितेविषयी ‘ळकाराच्या आवृत्तीने मार्दव आले’ असे म्हटले जाते. आणि तेवढ्याने कारणमीमांसा पुरी झाली असे समजण्यात येते.

अशा वाक्यांतून व्यक्त होणारा श्रोत्याचा अनुभव खरा असू शकतो. वाद आहे तो कारणाविषयी. एखादा स्वर किंवा वर्ण स्वतःच्या ठिकाणी भाव बाळगून असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो ओततो, हे या विवेचनातले गृहीत आहे. ते खरे असेल तर संगीताचे व काव्याचे आकलन म्हणजे घटकांची बेरीज ठरेल. ते खोटे असेल तर अशा रसग्रहणाने काहीच सांगितलेले नाही असे म्हणावे लागेल. अमुक राग अमुक व्याधीवर गुणकारी, अशी जी रागोपचाराची कोष्टके आज सर्वत्र दिसतात, त्यांच्याही मुळाशी हेच गृहीत आहे. म्हणून त्याची तपासणी ही केवळ पंडिती कुतूहलाची बाब राहत नाही.

२

प्रथम मूळ ग्रंथाकडे वळणे योग्य होईल. भरताने स्वरांचा रसाशी संबंध जोडला तो जातिगायनाच्या संदर्भात. कोणती जाती कोणत्या रसाला योजावी हे सांगताना तो प्रत्येक ठिकाणी एक कारण देतो. शृंगार-हास्यांसाठी ज्या जाती सांगितल्या, त्या मध्यम-पंचमांच्या ‘बाहुल्या’मुळे, वीर-रौद्र-अद्भुतांसाठी षाड्जी व आर्षभी सांगितल्या, त्या त्यांचे त्यांचे स्वर ‘अंश’ म्हणून स्वीकारले जातात या कारणाने. बाहुल्य आणि अंशत्व हे दोन्ही गुण सुट्या स्वराचे नाहीत. एखादा स्वर रचनेत किती वेळा येतो, कोठे थांबतो, इतर स्वर त्याच्याभोवती कसे फिरतात, यांवरून ते ठरतात. म्हणजे भरताचे विधान सशर्त आहे. अमुक स्वराला रचनेत अमुक स्थान मिळाले तर अमुक रस, असे त्याचे स्वरूप आहे. कोष्टक करताना ‘तर’ नंतरचा भाग टिकला. ‘तर’च्या आधीचा गळून गेला.

दुसरी गोष्ट. भरताच्या षड्जग्रामात षड्जापासून ऋषभ तीन श्रुतींवर आणि ऋषभापासून गांधार दोन श्रुतींवर आहे. म्हणजे त्याचा गांधार आजच्या कोमल गांधाराच्या आसपास पडतो, निषादाचेही तसेच. आज बिलावल हा शुद्ध स्वरांचा मेळ मानला जातो. त्या मेळातील गांधार-निषादांना हे कोष्टक जसेच्या तसे लावणे म्हणजे एका भाषेचा कोश दुसऱ्या भाषेतील त्याच ध्वनींच्या शब्दांना लावण्यासारखे होय. शिवाय आजचे गायन तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर उभे आहे आणि प्रत्येक स्वराचे मोजमाप त्या षड्जापासून होते. जातिगायनात आधारस्वर असा एकच, कायमचा ठरलेला नव्हता. ज्या व्यवस्थेत विधान केले गेले, ती व्यवस्थाच बदलल्यावर विधान तेवढे जिवंत कसे राहील?

नाट्यशास्त्रात हीच वाटणी आणखी एका ठिकाणी, पाठ्यगुणांच्या विवेचनात येते. तेथे विषय गायनाचा नसून नटाच्या बोलण्याचा आहे. उर, कंठ व शिर ही तीन स्थाने. उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत व विलंबित हे सहा अलंकार. आणि काकू, म्हणजे अर्थ व भाव बदलणारा आवाजाचा हेल, यांच्याच शेजारी भरताने स्वर आणि रस यांची जोडणी ठेवली आहे. या शेजाराकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. भावाचा उगम बोलत्या आवाजात शोधण्याची दिशा त्यात आहे. तिचा विचार पुढे येईल.

३

सुट्या स्वरांतरालाच भाव असतो, या मताला आधुनिक काळात जो आधार सांगितला जातो तो ध्वनिशास्त्राचा. हेल्महोल्ट्झने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संवाद व विसंवाद यांची उपपत्ती मांडली. षड्ज २४० कंपनांचा धरला तर पंचम ३६० कंपनांचा होतो. षड्जाचा तिसरा अंशध्वनी आणि पंचमाचा दुसरा अंशध्वनी दोन्ही ७२० वर एकत्र येतात आणि आवाज निवळतो. कोमल ऋषभ २५६ वर असतो. तो षड्जाबरोबर वाजला तर दर सेकंदाला १६ स्पंद उत्पन्न होतात आणि कानाला खरखर जाणवते. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी १९६५ साली या खरखरीचा संबंध कानाच्या पृथक्करणशक्तीच्या मर्यादेशी जोडून दाखविला. आपल्या संगीतात दोन स्वर एकदम गाण्याची रीत नसली तरी तंबोरा अखंड वाजत असल्यामुळे ही मीमांसा त्याला लागू पडते. कोमल ऋषभावर गायक थांबला म्हणजे षड्जाशी होणारे घर्षण श्रोत्याला ऐकू येतेच.

परंतु या मीमांसेने सिद्ध काय होते? खरखर आणि निवळपणा हे श्रवणाचे गुण आहेत. करुण आणि शृंगार हे भाव आहेत. पहिल्यांवरून दुसऱ्यांकडे जाणारी वाट ध्वनिशास्त्र दाखवीत नाही. कोमल ऋषभाचे घर्षण भैरवात आहे आणि मारव्यातही आहे. भैरवात तो आंदोलित होऊन षड्जाकडे उतरतो आणि वातावरण गंभीर व स्थिर होते. मारव्यात तोच स्वर श्रोत्याला अस्वस्थ करतो. निवळपणाच्या आवडीविषयीही सावध राहावे लागते. बोलिव्हियातील अरण्यात राहणाऱ्या त्सिमाने लोकांमध्ये मॅक्डरमॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्य श्रोत्यांना सुखद वाटणारे संवादी स्वरमेळ आणि दुःखद वाटणारे विसंवादी स्वरमेळ त्या लोकांनी सारखेच सुखद ठरविले. खरखरीत ध्वनी मात्र त्यांनाही नकोसे वाटले. म्हणजे खरखरीबद्दलची नावड मनुष्यमात्रात असू शकते. स्वरमेळांतील संवादाची आवड बऱ्याच अंशी संस्काराने येते. कोष्टकाला या दोहोंपैकी कशाचाच आधार मिळत नाही.

४

भाषाशास्त्रात एखाद्या ध्वनीचे कार्य ठरवावयाचे असेल तर बाकी सर्व तेच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहतात. हीच कसोटी रागांना लावता येते. कारण स्वर तेच आणि भाव भिन्न, अशा रागजोड्या आपल्या संगीताने स्वतःच तयार करून ठेवल्या आहेत. भूप आणि देशकार यांत सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत, आणि पाचही शुद्ध. भूपाचा वादी गांधार, देशकाराचा धैवत. भूप पूर्वांगात रमतो, देशकार उत्तरांगात. पहिला रात्रीच्या प्रारंभीचा, शांत व विस्तीर्ण. दुसरा सकाळचा, तेजस्वी व उत्साही. मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट याहूनही बोलके आहे. तिन्हींत पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र आणि उरलेले स्वर शुद्ध. मारव्यात ऋषभ-धैवतांचे प्राबल्य. पूरियात गांधार-निषादांचे, आणि तेही मंद्र-मध्य सप्तकांत. सोहनीची धाव तार षड्जाकडे. स्वरांतराले तीच असता एक राग व्याकूळ, दुसरा अंतर्मुख आणि तिसरा चंचल होतो. भाव अंतरालात असता तर या तीन रागांना तीन नावे देण्याचे प्रयोजनच उरले नसते.

कोमल गांधाराची गोष्ट याच प्रकारची आहे. पाश्चात्य संगीतात त्याच्या जागी असलेले अंतराल दुःखाचे मानण्याचा प्रघात आहे, आणि आपल्याकडील लेखनातही तो शिरला आहे. तथापि होळीच्या दिवसांतील रंगेल होरी ज्या काफीत गाइली जाते, त्यात गांधार व निषाद दोन्ही कोमलच असतात. मालकंसात तोच गांधार गंभीर होतो आणि दरबारीत आंदोलन घेऊन भारदस्त होतो.

यावर एक आक्षेप संभवतो. हे सर्व कोमल गांधार वस्तुतः एक नाहीतच. प्रत्येकाची श्रुती वेगळी असून भावभेद त्या श्रुतिभेदातून येतो, असे कोणी म्हणेल. हे मत क्षुल्लक नव्हे. कृ. बा. देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींची गुणोत्तरे निश्चित करून मांडली आणि पुढे क्लेमेंट्स यांच्यासह श्रुतींची पेटीही घडवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचे प्रात्यक्षिक झाले, परंतु जाणकारांत एकमत झाले नाही. १९६३ साली जैराजभॉय आणि स्टोन यांनी प्रत्यक्ष गायन-वादनातील स्वर मोजले, तेव्हा एकच स्वर कलावंतागणिक, इतकेच नव्हे तर एकाच कलावंताच्या एकाच प्रस्तुतीतही, लक्षणीय प्रमाणात बदलतो असे आढळले. रोजच्या अनुभवातील पुरावा तर पेटीचाच आहे. षड्ज २४० असता स्वाभाविक शुद्ध गांधार ३०० आणि कोमल गांधार २८८ होतो. समविभागी पेटीवर ते सुमारे ३०२ आणि २८५ वर पडतात. मराठी रंगभूमीवर अशी पेटी पिढ्यान्‌पिढ्या वाजली आणि प्रेक्षकांचे डोळे ओलावायचे राहिले नाहीत.

येथे भाषेतील अनुभव उपयोगी पडतो. मराठीत ‘जग’ हा शब्द तालव्य जकाराने उच्चारला तर विश्व असा अर्थ होतो. दंततालव्य जकाराने उच्चारला तर ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप होते. हिंदी भाषकाच्या तोंडी हा भेद नाही. त्याने एक जकार दुसऱ्याच्या जागी उच्चारला तर त्याच्या भाषेत अर्थ बदलत नाही, केवळ उच्चार परका वाटतो. कोणता भेद अर्थपूर्ण आणि कोणता केवळ उच्चाराचा, हे ध्वनीच्या भौतिक स्वरूपावरून ठरत नाही. ती भाषा ठरविते. तद्वत् कोणता श्रुतिभेद भावाला महत्त्वाचा, हे तो राग ठरवितो. दरबारीतील गांधाराचे आंदोलन काढून घेतले तर दरबारी उरत नाही. काफीतील गांधार थोडा चढला-उतरला तरी काफी काफीच राहते. श्रुती मोजणे निरर्थक नव्हे. पण ती मोजून भावाचे कारण हाती येत नाही.

५

काव्यशास्त्रातील वर्णांचे कोष्टक याच कसोटीवर पाहता येते. मम्मटाने काव्यप्रकाशात माधुर्यासाठी टवर्ग वर्ज्य केला आणि ओजासाठी तो योजला. मराठीने या वाटणीपुढे एक अडचण उभी केली आहे. ळ हा वर्ण उच्चारस्थानाच्या दृष्टीने मूर्धन्य, म्हणजे टवर्गाचा सख्खा शेजारी. असे असता बाळ, सावळा, कोवळा, जिव्हाळा, कळवळा या शब्दांत तो मराठी मनाला कमालीचा मृदू वाटतो. मग ळकार मृदू म्हणावा, तर ओंगळ, किळस, जळजळ हे शब्द समोर येतात. करुणा आणि आठवण यांतील णकारच घाण आणि भांडण यांतही आहे. अर्थाच्या छायेत वर्ण रंगतो आणि मग तो रंग वर्णाचाच होता असे वाटू लागते.

याचा अर्थ ध्वनी व अर्थ यांचा संबंध सर्वस्वी यादृच्छिक, असा मात्र नव्हे. सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत यादृच्छिकतेला भाषाविचाराचा पाया मानले असले, तरी १९२९ साली सपीरने दाखविले की निरर्थक शब्दांच्या जोडीत इकारयुक्त शब्द लहान वस्तूचा आणि आकारयुक्त शब्द मोठ्या वस्तूचा वाचक म्हणून निवडण्याकडे लोकांचा कल असतो. त्याच वर्षी कोहलरने टोकदार व गोलाकार आकृत्यांविषयी असाच कल नोंदविला आणि पुढे २५ भाषांच्या भाषकांवर घेतलेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो पुन्हा दिसून आला. मराठीतील नादानुकारी शब्दांत हा कल घरोघर ऐकू येतो: लहान घंटेची किणकिण, देवळातल्या मोठ्या घंटेची घणघण, थेंबांची टिपटिप आणि जरा मोठ्या थेंबांची टपटप. परंतु या शब्दांतून सुचते ते आकारमान, गती, धार, वजन. शोक किंवा अनुराग त्यांतून सुचत नाही. ध्वनीची स्वाभाविक सूचकता येथवरच पोचते. तेथून भावापर्यंतचे अंतर वाक्याला, प्रसंगाला आणि परंपरेला चालावे लागते.

हे मम्मटाला अज्ञात नव्हते. गुण हे रसाचे धर्म आहेत, जसे शौर्यादी आत्म्याचे; वर्ण त्यांचे केवळ व्यंजक, असे तो आधी स्पष्ट करतो. वक्ता, वाच्य आणि प्रबंध यांच्या औचित्याने वर्णांची योजना प्रसंगी उलटही करावी, असे तो शेवटी सांगतो. येथेही शास्त्रकाराने अट घातली होती आणि कोष्टककारांनी ती गाळली. भरताच्या बाबतीत जे घडले तेच मम्मटाच्या बाबतीत घडले.

६

मग भाव येतो कोठून? उपलब्ध विचारातून तीन उगम वेगळे करता येतात, आणि ते एकाच पातळीवरचे नाहीत.

पहिला उगम बोलत्या आवाजाचा. खिन्न मनुष्य हळू, खालच्या पट्टीत आणि थोड्या चढउतारांनी बोलतो. संतप्त मनुष्याचा आवाज चढतो, तुटतो, वेग घेतो. भरताचे मंद्र-विलंबित आणि दीप्त-द्रुत हे अलंकार याच निरीक्षणावर आधारलेले आहेत. बाल्कविल आणि थॉम्प्सन यांनी १९९९ साली भारतीय संगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्य श्रोत्यांना राग ऐकवून त्यांचा अभिप्रेत भाव विचारला. आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना ओळखता आले. शांती मात्र तशी ओळखता आली नाही. या प्रयोगाचा हवाला रागभावाच्या सार्वत्रिकतेचा पुरावा म्हणून दिला जातो. तो देताना एक गोष्ट सोडून दिली जाते: त्या श्रोत्यांच्या निर्णयांचा संबंध लय, स्वररचनेची गुंतागुंत आणि स्वरांचा आवाका यांच्याशी आढळला. म्हणजे परक्या श्रोत्याने ओळखला तो आवाजाचा हेल, राग नव्हे. कर्टिस आणि भरूचा यांनी २०१० साली इंग्रजी भाषकांच्या दुःखी उच्चारांत कोमल गांधाराएवढे अंतर आढळते असे दाखविले, हे खरे. तथापि बोलण्यातील ते अंतर दोन अक्षरांमधले असते. तेथे आधारषड्ज नसतो. रागातील कोमल गांधार तंबोऱ्याच्या षड्जाशी बांधलेला असतो. दोन्ही ठिकाणी आकडा एक आला म्हणून वस्तू एक होत नाही.

दुसरा उगम अपेक्षेचा. लेनर्ड मायर याने १९५६ सालच्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की एखादी संगीतपद्धती अंगवळणी पडलेल्या श्रोत्याच्या मनात पुढील स्वराची अपेक्षा जागी होते आणि ती अडली वा लांबली म्हणजे भाव उद्भवतो. मारव्याचे व्याकूळपण या विचाराने चांगले उलगडते. तंबोरा षड्ज सतत ऐकवीत असतो. राग मात्र कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांवरच वस्ती करतो. त्या दोन स्वरांचे आपापसांत २५:१६ असे अवघड नाते आहे. षड्ज जवळ आहे, ऐकूही येतो, परंतु राग त्यावर फार काळ विसावत नाही. घरासमोरून पुन्हा पुन्हा जाऊनही आत पाऊल न टाकणाऱ्या माणसासारखी ही अवस्था आहे. हा भाव ऋषभात नाही आणि धैवतातही नाही. टाळलेल्या षड्जात तो आहे. न गाइलेल्या स्वराने भाव निर्माण व्हावा, याची नोंद कोष्टकाच्या कोणत्या रकान्यात करणार?

तिसरा उगम प्रसंगाचा. महाराष्ट्रात मैफलीची सांगता भैरवीने होते, इतकी की ‘भैरवी झाली’ म्हणजे संपले, असा वाक्प्रचारच रूढ झाला. भैरवीच्या पहिल्या सुरांबरोबर जी हुरहूर दाटते, तिच्यात चार कोमल स्वरांचा वाटा असेलच. परंतु आता उठावयाचे आहे, या जाणिवेचा वाटा त्याहून लहान नाही. पिढ्यांच्या सहवासाने तो निरोप त्या स्वरावलीत मुरला आहे. जो त्या सहवासात वाढला नाही त्याला भैरवी गोड लागेल. निरोपाची वाटणार नाही. संस्काराने येणारा भाव हा खोटा भाव, असा समज येथे करून घेता कामा नये. मातृभाषाही शिकावीच लागते आणि तरीही माणूस रडतो तो मातृभाषेतच.

७

नवव्या शतकात आनंदवर्धनाने या प्रश्नाचे मर्म ओळखले होते. व्यंजना ही अभिधेहून भिन्न शक्ती आहे हे सिद्ध करताना त्याने गीताचा दाखला दिला: गीतातील नादाला वाच्यार्थ नसतो, तरी त्यातून रसाची अभिव्यक्ती होते. कोष्टकाने नेमकी याच्या उलट गोष्ट केली. गांधार म्हणजे करुण, असे लिहिताच स्वराला वाच्यार्थ दिला गेला आणि व्यंजनेचा मार्ग बंद झाला.

मराठीत मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्य हे सुट्या संवेदनेत नसून संवेदनांच्या संवाद, विरोध व समतोल या लयसंबंधांत असते, असा सिद्धान्त मांडला. सुट्या स्वराची सद्दी संपविणारे ते निर्णायक पाऊल होते. मात्र त्यांनी संगीताला नादसंवेदना आणि साहित्याला भावनात्मक अर्थ असे माध्यमांचे जे विभाजन केले, ते वरील पुराव्याच्या प्रकाशात जास्तच नेटके वाटते. काकू ही नाद आणि भाव यांच्या सीमेवर उभी आहे. ती दोन्ही कलांची समाईक मालमत्ता आहे. तिला वगळून संगीतातील भावाची उपपत्ती पुरी होत नाही आणि साहित्यातील नादाचीही होत नाही.

समीक्षेच्या दृष्टीने यातून एक साधा नियम निष्पन्न होतो. ‘कोणता स्वर?’ या प्रश्नाने विवेचनाला प्रारंभ करावा, पण तेथे थांबू नये. तो कोठून आला, किती रेंगाळला, कोणता स्वर त्याने टाळला, आणि ऐकणारा त्या क्षणी कशाची वाट पाहत होता, हे सांगितल्यावाचून रसाचे नाव घेऊ नये. भरताने बाहुल्य आणि अंश हे शब्द वापरले तेव्हा, आणि मम्मटाने औचित्याची अट घातली तेव्हा, त्यांची अपेक्षा याहून वेगळी नव्हती. कोष्टक पाठ्यपुस्तकांतून काढून टाकण्याचे कारण नाही. त्यातून गळलेली अट तेवढी परत लिहिली पाहिजे. कारण ती अट पाळावयाची तर विद्यार्थ्याला ऐकावे लागते.